बाभळीच्या विहिरीतला पाणगडी

"वर बघ रं माज्या वाघा! खाली बघू नगंस! गच्च धर... तिर्र्र... य्ये, य्ये, य्ये!"

हा आवाज रामेश्वरनं ऐकला तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि विहिरीत होता. विहिरीवर नव्हे, विहिरीत! नाकात पाणी, कानात पाणी, आणि वर आभाळाची एवढीशी भाकरी. त्या भाकरीच्या काठावरून तो आवाज खाली उतरला. विहिरीत कुणाचाही आवाज रांजणातून आल्यासारखा येतो, हा तर सात रांजणांतून गाळून आल्यासारखा जाड आणि गोड होता. मग हाताला काहीतरी गोल, गार, गुळगुळीत लागलं. ते त्यानं दोन्ही हातांनी कवटाळलं. त्यापुढचं त्याला आजतागायत काही आठवत नाही.

शुद्धीवर आला तेव्हा काठावर विठ्ठलअप्पा चिंब भिजून उभे होते आणि भोवती निम्मं गाव होतं. "पोराचा पाय घसरला! अप्पांनी उडी मारली! अप्पांनी काढलं!" गाव एका तोंडानं म्हणत होतं. आईनं अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. अप्पा मात्र एक शब्द बोलले नाहीत. नुसते बाभळीकडे बघत राहिले. थोर माणसं आपल्या तोंडानं कधी सांगतात का!

पुढे मात्र सांगायला लागले. पहिल्या वर्षी एक उडी होती. पाचव्या वर्षी दोन झाल्या. दहाव्या वर्षी त्या पाण्यात एक नाग आला. पंधराव्या वर्षी अप्पांच्या हातातलं चांदीचं कडं त्या झटापटीत निसटून तळाला गेलं. विसाव्या वर्षी नागाची नागीण झाली! आणि रामेश्वर दर वेळी पुढच्या रांगेत बसून, जणू पहिल्यांदाच ऐकतोय, असे डोळे पुसायचा. तो आवाज अप्पांचाच आणि हाताला लागलेलं ते गोल, गुळगुळीत म्हणजे अप्पांचं टक्कलच, हे त्यानं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

रामेश्वरला आभार मानायची खोडच होती. युसूफ वडगावच्या स्टँडसमोर त्याचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. जळालेली मोटार कुणी आणली की आधी मोटारीला हात जोडायचा, "लई पाणी पाजलंस गं माय." लाईट गेली तरी वायरमनला फोन करून म्हणायचा, "सायेब, काल आठ घंटे दिलतीत, उपकार झाले!" वायरमनला वाटायचं, हा टोमणा मारतोय. त्यानं एकदा रागानं खरंच दोन दिवस डीपी बंद ठेवला. रामेश्वरनं तिसऱ्या दिवशी त्याला पेढे दिले!

अशा माणसाच्या जिवावर जर जीव वाचवल्याचे उपकार असतील तर त्याचं काय होईल? अप्पांची मोटार वर्षातून चारदा जळायची आणि चारदा फुकट भरून मिळायची. तरी रामेश्वरच्या छातीवरचा दगड हलायचा नाही. आई जाताना एवढंच म्हणाली होती, "बाळा, अप्पांचं कायतरी फेड." तेच त्याच्या उशाशी बसून होतं. उपकाराला तर आता चाळीस-एक वर्षं झाली होती!

आणि यंदा अप्पांची पंचाहत्तरी आली.

"ठरलं!" रामेश्वरनं जेवता जेवता ताटावर मूठ आपटली. वरण उडालं. "पंचाहत्तरीला अप्पांच्या हातात त्यांचं कडं घालनार. तळातनं काढून! एका म्हैन्यात!"

वनमालानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, उडालेलं वरण पदरानं पुसलं. "तुमी? विहिरीत उतरनार? तुमाला तर बादलीत पाय घालाय लावलं की घाम फुटतो!"

हे खरं होतं. त्या दिवसानंतर रामेश्वर पाण्याच्या वाटेला गेला नव्हता. आंघोळसुद्धा तांब्यानं, तीही लांबून.

"मी न्हाई उतरनार," तो म्हणाला. "माजा गडी उतरंल. पाण्याखाली जानारा, डोळे असनारा, हात असनारा. मी काठावर बसून त्याला हाकनार!"

"अन् त्यो गडी कुठं मिळतो?"

"घरी करायचा!"

वनमालानं कपाळावर हात मारला. तो हात महिनाभर तिथेच राहिला.

बाभळीची विहीर म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. अप्पांच्या वावरातली जुनी दगडी विहीर, पायऱ्या नाहीत, पाच परस खोल पाणी. बहात्तरच्या दुष्काळातही तिचा तळ कुणी पाहिला नव्हता. पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही तिथं कानाला हात लावलेला. पण रामेश्वर म्हणजे मोटारीतला माणूस! त्यानं यूट्यूबवर पाण्याखाली फिरणारी यंत्रं पाहिली, मुकाट्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "ह्यात काय हाय? ह्यो तर उलटा हेलिकॉप्टर!"

बोअरच्या पाइपाचे तुकडे जोडून सांगाडा झाला. पंख्यांच्या जागी जुन्या कुलरचे तीन पंप बसले. दोन पुढे-मागे न्यायला, एक खाली-वर करायला. तरंगायला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, बुडायला ट्रॅक्टरचे नट. समोर मोटारसायकलचा दिवा. वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीतून, आणि वायरी ठिबकच्या नळीतून ओवून खाली. हात म्हणून विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ. आता डोळा! दुकानाच्या दारावरचा कॅमेरा काढला. पण त्याला पाण्यापासून वाचवायला काचेचं घर पाहिजे, मोठ्या तोंडाचं, घट्ट झाकणाचं...

"माजी लोणच्याची बरनी कुटं गेली?" वनमाला ओरडली.

"लोणचं पातेल्यात हाय!" रामेश्वर दुकानातून ओरडला.

"अन् पोळपाट?"

पोळपाटावर दारावरच्या बेलची सहा बटणं बसली होती. पुढे, मागे, डावं, उजवं, वर, खाली. वनमाला दुकानात आली, सगळं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरनी गेली, पोळपाट गेला. आता मला बी पाइप लावा अन् बुडवा!" पण बोलता बोलताच तिनं झाकणाभोवतीचा एमसील अंगठ्यानं नीट दाबून दिला. पोळीच्या कडा दाबाव्या तसा! रामेश्वरनं तिला हात जोडले. "मला नगा जोडू," ती म्हणाली, "बरनीला जोडा."

यंत्राचं नाव पडलं पाणगडी.

पहिली चाचणी घरामागच्या हौदात झाली. रामेश्वरनं 'खाली' दाबलं. पाणगडी वर उसळला. 'पुढे' दाबलं. तो जागच्या जागी घागर फुंकल्यासारखा फिरला. 'थांब' असं बटणच नव्हतं! पाणी प्यायला आलेल्या म्हशीच्या नाकाखाली अचानक एक डोळा पेटला आणि गुरगुरला. म्हैस जी उधळली ती पाणगडी शिंगाला, नळी मागे, नळीला पोळपाट आणि पोळपाटाला रामेश्वर, अशी वरात घेऊन थेट स्टँडवर! केजच्या एसटीतल्या लोकांनी खिडक्यांतून हात जोडले. त्यांना वाटलं, कुठल्या तरी नवसाची मिरवणूक आहे.

पण त्या वरातीत कॅमेरा फुटला नाही. "बघ!" गुडघे सोललेला रामेश्वर आनंदानं म्हणाला. "म्हशीचे उपकार! मजबुती कळाली!"

बातमी अप्पांपर्यंत गेली. अप्पा स्वतः दुकानात आले. धोतराचा सोगा हातात, आणि टकलावर घाम.

"काय रे रामेश्वर, विहिरीत काय सोडतोयस म्हने?"

"तुमचं कडं काढाय, अप्पा!"

अप्पांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या वांग्यासारखा सुरकुतला. "कावून? कशाला? असू दे की! गेलं ते गेलं. चांदी काय, मातीच!"

"बघितलंस?" अप्पा गेल्यावर रामेश्वर बायकोला म्हणाला. डोळे भरून आले होते. "चांदीला माती म्हनतेत! हे संत हाईत, संत!"

दोन दिवसांनी अप्पा पुन्हा आले. म्हणाले, विहिरीला त्रास देऊ नये, पाण्यातल्या आसरा कोपतात. चौथ्या दिवशी म्हणाले, गाळ ढवळला तर पाणी नासतं. सहाव्या दिवशी निरोप आला की त्यांना स्वप्न पडलंय आणि स्वप्नात कडं स्वतःच म्हणालं, मला इथं बरं वाटतं! प्रत्येक निरोपागणिक रामेश्वरची कृतज्ञता एक-एक वीत वाढत गेली. इतका निरिच्छ माणूस! आता तर काढायलाच पाहिजे!

पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. बाभळीच्या विहिरीवर मांडव पडला. रामहरी साउंडवाल्यानं भोंगे बांधले, टेबलावर घरचा टीव्ही ठेवला, म्हणजे पाणगड्याचा डोळा बघेल ते गावाला दिसेल. मागे मोठा फलक: आजचे अप्पा, आणि शेजारी तरुणपणीचे अप्पा, विहिरीत उडी मारली त्याच वर्षी काढलेला फोटो.

"अगं बाई," वनमाला फलक न्याहाळत म्हणाली, "काय केस हुते अप्पांला! मेंढराच्या लोकरीवानी!"

"व्हय व्हय," रामेश्वर वायरी जोडत म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष असतं, तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

तेवढ्यात मेंढरं घेऊन भामाबाई आली. म्हाळू धनगराची बायको. म्हाळू जाऊन सहा वर्षं झाली, पण ती साठीला टेकलेली बाई अजून कळपामागे दिवसाला दोन गावं चालायची. तिची एक गंमत होती. कळप कुठेही मोकळा सोडेल, पण या विहिरीकडे यायचं असलं की एडका, म्हणजे कळपातला मेंढा, आधी लांब झाडाला बांधायची. दोन दोर, आणि गाठ तीनदा ओढून बघायची. लोक म्हणत, म्हातारीला भीतीच फार. आणखी एक गंमत होती. पावसाळा संपून कळप गावाकडे आला, की पहिल्या दुधाचा तांब्या ती रामेश्वरच्या दुकानावर ठेवून जायची. दर वर्षी. "कशाचं, मावशी?" विचारलं तर म्हणायची, "पी गुमान." रामेश्वरला वाटायचं, तिची बॅटरी एकदा दुरुस्त करून दिली त्याचं असेल.

आज ती मांडवाच्या कडेला घोंगडी टाकून बसली आणि पुन्हा पुन्हा टीव्हीकडे बघू लागली.

"रामेश्वर, तळाचं समदं दिसतं का रं ह्याच्यात?"

"समदं, मावशी!"

"चांदीचंच दिसतं का... पितळंचं बी?"

"काय बी दिसतं!"

"आं," म्हणाली, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

नारळ फुटला. अप्पांना फेटा बांधला, हार घातला, आणि मान म्हणून पाणगड्याची नळी त्यांच्या हाती दिली. कठड्यावर उभं राहून ती हळूहळू सोडायची होती. अप्पा नळी परत द्यायला बघू लागले. "भावना दाटल्यात!" रामहरी भोंग्यावरून म्हणाला. "पुन्यांदा त्याच विहिरीवर! त्याच हातांनी! टाळ्या!"

पाणगडी पाण्यात उतरला. टीव्हीवर सगळं पिवळं दिसू लागलं, कारण बरणीच्या काचेला लोणच्याचं तेल चिकटलेलं होतं. त्या हळदीच्या पाण्यातून एक बेडूक आला, कॅमेऱ्यापुढे थांबला, आणि गावाकडे पाहत निघून गेला. एक चप्पल आली. "माजी हाय!" कुणीतरी ओरडलं. मग बादली, मग दुसरी बादली, मग एक आख्खी पाणबुडी मोटार. तिच्याकडे पाहून रामेश्वरनं सवयीनं हात जोडले, आणि तेवढ्यात पाणगडी भिंतीला धडकला.

आणि मग तळ आला! गाळ धुरासारखा उठला, खाली बसला. आणि त्या गाळात काहीतरी चमकलं. गोल. पिवळ्या पाण्यात पिवळं.

"कडं!" रामहरी किंचाळला. भोंग्यातून चिमण्या उडाल्या.

"कडं एवढं मोठं असतं व्हय?" वनमाला म्हणाली.

"अप्पांचं मनगट मोठं हाय!"

रामेश्वरनं जीभ दातात धरली. पुढे, पुढे, थोडं डावं. गळ त्या गोल कडेखाली गेला, अडकला, उचलला! गाळ गळून पडला. टीव्हीवर पितळेची चरवी दिसली, दुधाची, जुन्या वळणाची, कानावर दोर बांधायची कडी असलेली. आणि तिच्या पोटावर अक्षरं. आपल्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं घरात येत नाही. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं, सगळं ठोक्याठोक्यानं कोरलेलं!

"काय लिवलंय?" सगळं गाव टीव्हीवर वाकलं. "वर घे, वर घे!"

गावानं वाचायच्या आधी अप्पांनी ओळखलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "सोड ते!" ते ओरडले. "खाली सोड! ते कडं न्हाई!" आणि चरवी पुन्हा पाण्यात पडावी म्हणून त्यांनी हातातल्या नळीला जोरात हिसका दिला. नळी ओली. कठड्यावर नारळाचं पाणी सांडलेलं. पायात नवी कोल्हापुरी. अप्पा एकदा पुढे झुकले, एकदा मागे झुकले, हार हवेत उडाला...

धबाक्!

आणि मग काय झालं असेल? गावानं टाळ्या वाजवल्या! कडकडून!

"पंचाहत्तरीला उडी!" रामहरी भोंग्यात घुसलाच. "काय ही ताकत! मंडळी, कडं काढाय अप्पा सोता गेले! यंत्रावर इस्वास न्हाई, मनगटावर इस्वास!"

अप्पा वर आले, तोंडातून पाणी उडालं, पुन्हा खाली गेले.

"पहिली बुडी!" रामहरी मोजू लागला.

टीव्हीवर आता अप्पांचे पाय दिसत होते. दोन्ही पाय, एक कोल्हापुरी, आणि ते सायकल चालवल्यासारखे फिरत होते. "बघा बघा, पोहायची जुनी पद्धत!" एक म्हातारा कौतुकानं म्हणाला. "आता असं कुणाला येत न्हाई!"

रामेश्वरही हात जोडून उभा होता. अप्पा वर आले की त्याला भरून यायचं. अप्पांनी हात वर करून काहीतरी ओरडलं. रामहरीनं माइक दोरीला बांधून विहिरीत सोडला, म्हणजे थोर माणसाचे शब्द वाया जाऊ नयेत. आणि पाचही भोंग्यांतून, अख्ख्या शिवारात, अप्पांचा आवाज घुमला:

"मला पोहायला येत न्हाई बे! कवाच येत न्हवतं! काढा मला!"

टाळ्या थांबल्या. गावानं ते ऐकलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. चाळीस वर्षांची सवय ती! अप्पांनी पाणगड्याच्या बाटल्या मिठीत धरल्या होत्या. लोणच्याची बरणी त्यांच्या गालाला लागली होती. बिचारा पाणगडी अप्पांचं आणि चरवीचं वजन घेऊन गुरगुरत पाण्यावर तोल सावरत होता.

आणि तेव्हा कडेची घोंगडी हलली. भामाबाई उठली. म्हातारी, पण कशी धावली! टेबलावर पाहुण्यांसाठी ठेवलेले दोन कोरे फेटे उचलले, एका झटक्यात गाठ मारली, दुसरं टोक बाभळीच्या बुंध्याला गुंडाळलं आणि फेटा विहिरीत सोडला. मग कठड्यावर ओणवी झाली. आणि तिचा तो जाड, गोड आवाज सात रांजणांतून गाळून खाली उतरला:

"वर बघा अप्पा! खाली बघू नगा! गच्च धरा! तिर्र्र... य्ये, य्ये, य्ये!"

रामेश्वरच्या हातातून पोळपाट पडला.

काठावर उभा असलेला तो एकोणपन्नास वर्षांचा माणूस एका क्षणात आठ वर्षांचा झाला. वर तीच भाकरीएवढी आभाळाची चकती, तोच आवाज. 'तिर्र्र' हे कुणी माणसाला म्हणतं का? हे तर मेंढराला हाकारणं! अप्पांनी आयुष्यात मेंढरू कधी हाकलं नव्हतं! आणि फलकावरचे तरुण अप्पा, डोक्यावर लोकरीसारखे दाट केस... मग ते गोल, गार, गुळगुळीत काय होतं?

"वढा रं! बघताव काय?" भामाबाई गावावर ओरडली. आणि गाव, रामहरी, वनमाला, वायरमनसुद्धा, सगळे फेट्याला लागले. रामेश्वर सगळ्यात पुढे होता, विहिरीच्या अगदी काठावर, आणि त्याला पाण्याची भीती वाटायची हे तो विसरला होता.

अप्पा वर आले, भिजलेल्या कावळ्यासारखे. पाठोपाठ पाणगडी आला, गळात चरवी घेऊन. इमानदार गड्यानं तिला सोडलं नव्हतं!

पहिला प्रश्न अप्पांच्या बायकोनं, साखराबाईंनी विचारला. "पोहता येत न्हाई, मंग उडी कशी मारलीत? अन् कडं कुठं गेलं?"

अप्पांनी शिंक दिली. "कडं... बीडला... पत्त्यात गेलं."

"अन् नागीन?" एका म्हाताऱ्यानं उमेद धरून विचारलं.

"नागीन बी न्हवती."

म्हातारा सगळ्यात जास्त दुखावला.

रामेश्वर चरवी पदराच्या टोकानं पुसत होता. पदर वनमालाचा होता, ती काही बोलली नाही. गाळाखालून अक्षरं वर आली. 'म्हाळू यांजकडून सौ. भामाबाईस. आखाजी.'

"मावशी," तो म्हणाला. "ही... हे मी धरलतं?"

बोलले अप्पाच. पाणी गळत होतं, पण आवाज हलका झाला होता, पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा.

"मी सायकलवर चाललतो. विहिरीपाशी आलो, तर बाभळीमागून ही वरडली, इकडं बघू नगा, आधी दोर वढा! मी वढला. वर आल्यावर बघतो, तर दोर न्हवता, लुगडं हुतं. नऊवारी. टोकाला ही चरवी, अन् चरवीला तू. तुला उचलताना चरवीची गाठ सुटली, गेली खाली. मी भिजलो ओलं लुगडं वढताना अन् तुला कडंवर घेऊन, लुगडं झाडामागं फेकलं. तेवढ्यात गाव आलं. हिनं आधीच झाडामागून शपथ घातलती, मी लुगडं सोडलं हे कुणाला सांगू नगा, नवी नवरी हाय मी, मला गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हानार न्हाई. मंग काय सांगू? गाव म्हनलं उडी मारली, मी गप बसलो. एकदा गप बसलं की..." अप्पांनी नाक पुसलं. "मंग नागीनच येती."

कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले. साखराबाईसुद्धा, जरा उशिरा.

वनमाला कधी उठली, कुणाला कळलं नाही. गावाकडं जाऊन घामाघूम होऊन आली तेव्हा तिच्या हातात कोरं हिरवं लुगडं होतं, दिवाळीला स्वतःला घेतलेलं. तिनं ते भामाबाईच्या मांडीवर ठेवलं, ओटी भरावी तसं. रामेश्वरनं भामाबाईचे पाय धरले ते सोडेचना. चाळीस वर्षं साठवलेले, चुकीच्या पत्त्यावर पाठवलेले सगळे आभार एकदम परत आले होते, आणि ते ठेवायचे कुठे हे त्याला कळत नव्हतं. अप्पांचाही हात त्यानं हातात घेतला. "तुमी बी वढलंतच की, अप्पा." अप्पांनी मान फिरवली. टकलावरून पाणी अजून गळत होतं.

भामाबाईनं चरवी मांडीवर घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि आपल्याशीच गुणगुणली:

"पितळंची माजी चरवी, तळाला गेली न्हाया,
चाळीस सालांनी गं, आली धन्याची माया..."

मेंढरांनी माना वर केल्या. रामहरीनं माइक तिच्यापुढे धरायला हात पुढे केला, वनमालानं त्याचा हात खाली दाबला.

"मावशी," रामेश्वर म्हणाला, "आता दर वर्षी तुमचं दूध न्हाई, माजं दूध तुमच्याकडं येनार. मोटार, बॅटरी, पंखा, काय बी जळू द्या. जनमभर फेडीन, तरी फिटनार न्हाई! लुगडं, चरवी, समद्याची..."

"उठ," भामाबाई म्हणाली. "आदी ऐक तरी."

तिनं लांब झाडाकडं पाहिलं. दोन दोरांनी बांधलेला एडका तिकडे खुरानं माती उकरत होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"लुगड्याची लाज हुती ते खरं," ती म्हणाली. "पर तेवढ्यासाठी कोन चाळीस वर्सं गप बसतं? तुज्या आईनं मला दहादा इचारलं, कसं पडलं गं माजं लेकरू? मी म्हनले, पाय घसरला. घसरला न्हवता रं तुजा पाय. तू वाकून बेडूक बघत हुतास, अन् आमचा काळा एडका मी बांधला न्हवता. त्यानं मागनं अशी ढुशी दिली तुला, की तू थेट आत! म्हनून म्हनते, पाय सोड. तुला मी काढलं, तर तुला घातलं बी माज्याच घरच्यानं. आपली फिट्टंफाट हाय!"